जंगलवाल्यांची मूठ

श्रावणात नागपंचमी झाली की आमचे आबा गव्हाची कोठी उघडायचे, आणि माझं डोकं फिरायचं.

आमच्या खानदेशात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ घालून, साडी नेसवून तिला चौरंगावर बसवायचं आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायचं, पण नारळ परत आणून जपून ठेवायचा. तिच्या नैवेद्याला रोट म्हणतात. रोटाचा गहू पायलीने मापायचा नसतो. भावकीत जेवढे पुरुष असतील त्यांच्या नावाने प्रत्येकी सव्वा मूठ काढायची. त्या गव्हाचं जे काही होईल, पुरणपोळी म्हणा, खीर म्हणा, ते भाऊबंदांनी आणि त्यांच्या बायकामुलांनीच खायचं. शेजाऱ्याला द्यायचं नाही, गड्याला द्यायचं नाही, लग्न करून दिलेल्या लेकीला तर नाहीच. टाकायचंही नाही. पुनवेच्या आत सगळं संपलं पाहिजे. हात धुतलेलं पाणीसुद्धा अंगणात खड्डा करून त्यातच ओतायचं.

घर भरलेलं असलं की ह्याच्यासारखी मजा नाही. मी लहान असताना आमच्या मोहखेडीत रोटाच्या आठवड्यात पंगती उठायच्या आणि पुनवेच्या आधीच पीठ संपून बायका ताकभातावर यायच्या. पण आता भाऊबंद सुरतेला, पुण्याला, नाशिकला. मोहखेडीत आमच्या कुळातला पुरुष एकच राहिला, तो म्हणजे माझे वडील सुपडूआबा. तरी गहू मोजायचे सगळ्यांच्या नावाने.

"हाई प्रेमराजनी मूठ," म्हणत सुपात ओतायचे. "हाई त्याना पोऱ्यानी. हाई नवलनी."

आबांची मूठही काय, खोरं नुसतं. आपला हात जगन्नाथ म्हणतात तो हा.

"आबा, यासमाईन येस कोन?" मी विचारायचे.

"नही येवोत. पन रोट ते एकच शे ना आपला."

ह्या एका वाक्यापुढे माझं काही चालायचं नाही. मग पुनवेपर्यंत हा माणूस एकटा, तिन्ही त्रिकाळ, शिळं पुरण खात बसायचा. चोपड्याच्या डॉक्टरांनी गोडाला हात लावू नका म्हणून सांगितलेलं. आबा म्हणायचे, डॉक्टरला कानबाई नाही. शेवटच्या दिवशी त्यांना घास गिळवायचा नाही, तरी पाण्याबरोबर उतरवायचे. आई, म्हणजे प्रमिलाबाई, होती तोवर दोघं मिळून खायची. ती खापरावर मांड्यासारखी पातळ पोळी करायची. ती गेल्यावर आबा स्वतःच तव्यावर काहीतरी थापू लागले. त्याला पोळी म्हणायचं ते केवळ देवीच्या भीतीने.

मी असोद्याला दिलेली. आमच्या सासरीही कानबाई बसते, त्यामुळे रविवारी मला हलता येत नाही. सोमवारी आमची कानबाई नदीवर गेली की मी जळगावहून चोपड्याची बस धरते आणि संध्याकाळच्या आत मोहखेडीला पोचते. आबांच्या समोर बसून मी घरून नेलेली मेथीची भाजी-भाकरी खायची आणि त्यांनी रोट खायचा, असं आमचं वर्षानुवर्षं चाललेलं. मी पोटची लेक, घर झाडते, त्यांची औषधं आणते, रोटाची भांडीही घासते. पण मोजणीत माझी मूठ कधी निघाली नाही. लग्नाआधीही नाही, कारण मुलींची मूठ काढतच नाहीत. दुबईला गेलेल्या चुलतभावाच्या तान्ह्या पोराची मात्र निघायची, ज्याने मोहखेडी फोटोतसुद्धा बघितलेली नाही. मला त्याचा राग यायचा, आणि तो मी लपवत नसे.

"दुबईना शेठले वाढा आते," म्हणायचे मी. आबा न ऐकल्यासारखं करायचे.

आबांचं नाव सुपडू कसं पडलं ते सांगते, म्हणजे माणूस कळेल. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्याबरोबर त्यांना सुपात घालून नवस बोलले. नवसाने जगलेल्या माणसाला आपण कशासाठी तरी राखून ठेवलेलो आहोत असं वाटत असावं. आबांना वाटायचं, आपल्याला गाव राखायला ठेवलंय.

कारण गाव त्यांच्याच पणज्याच्या बापाने वसवलेलं. इंग्रज खानदेशात नवे नवे आले तेव्हा निम्मा मुलूख ओसाड पडला होता. साहेबाने कौल दिला की सातपुड्याच्या पायथ्याचं जंगल जो तोडेल त्याला जमीन मिळेल, सुरुवातीची वर्षं सारा माफ. धुळ्याकडच्या सोनगीरहून आमचे गिरधरबाबा निघाले. बरोबर बायको, एक बैलगाडी आणि आणखी चार-दोन घरं. तापी ओलांडली, अनेर ओलांडली आणि मोहाच्या झाडांत येऊन गाडी सोडली. पहिल्याच पावसाळ्यात हिवतापाने निम्मी माणसं गेली. रात्री वाघ फिरायचा म्हणून गुरं मधे बांधून माणसं भोवती झोपायची. पण पहिल्या श्रावणात गिरधरबाबांनी कुडाच्या घरात कानबाई बसवली, रोट केला, आणि त्या दिवसापासून मोहखेडी हे गाव झालं. ही गोष्ट आबा इतक्यांदा सांगायचे की मधेच अडखळले तर मी पुढची ओळ म्हणत असे.

"आठे कोनी नव्हतं," आबा शेवटी सांगायचे. "नुसतं जंगल."

तेव्हा उंबऱ्यावर बसलेले शेजारचे वनादादा बिडी विझवत विचारायचे, "मंग तुमले वाट कोनी दाखाडी?"

वनादादा पावरा आदिवासी. त्यांची माणसं गिरधरबाबांच्या आधीपासून ह्या टेकडीखाली आहेत, आजही आहेत, कुठे गेलेली नाहीत. आबांचं वर्षभराचं निम्मं जेवण त्यांच्याच घरून येतं. रोटाच्या आठवड्यात मात्र त्यांच्या घरून ताट आलं तरी इकडून परत काही जायचं नाही, आणि त्याचं आबांना वाईट वाटायचं हे मला माहीत आहे. पण नियम म्हणजे नियम.

बाकी गावात आमच्या लोकांची घरं कुलुपं लावून उभी. जमिनी वाट्याने दिलेल्या. आबा रोज सकाळी फेरी मारून प्रत्येक कुलूप हलवून बघायचे. चोर यावा असं आत काही नव्हतं. पण माणूस सवयीने बघतो.

गेल्या वर्षी कानबाईच्या रविवारी आबांच्या मोबाइलवर एक फोटो आला. त्यांना तो उघडता आला नाही, म्हणून सोमवारी संध्याकाळी मी पोचेपर्यंत तो तसाच राहिला. बघते तर सुरतेचा फ्लॅट, चौरंग, त्यावर नारळ, नारळाला नथ. बाजूला आमचा प्रेमराज सोवळं नेसून हसत उभा. प्रेमराज म्हणजे आबांच्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ लवकर गेला, तर ह्याला आबांनीच खांद्यावर बसवून वाढवलेला. त्याने सुरतेत वेगळी कानबाई बसवली होती. म्हणजे वेगळा रोट. आमच्यात शेत वाटलं, घर वाटलं तरी माणसं म्हणतात, रोट एक आहे ना, मग आपण एक. रोट वेगळा झाला की मग काही उरत नाही.

मी फोटो दाखवावा की नाही ह्या विचारात होते. पण आबांनी माझं तोंड वाचलं.

त्यांनी फोन लावायला सांगितला. प्रेमराज गोडच बोलला. "काका, दर वर्षी येणं होत नाही हो. कारखान्यात रजा मिळत नाही, पोरांची शाळा. देवी उपाशी राहण्यापेक्षा इथे बसवली."

"तू रोट फोडा," आबा म्हणाले. "माले इचारं नही."

मग प्रेमराज म्हणाला, "काका, गिरधरबाबांनी सोनगीर सोडलं तेव्हा काय केलं होतं?"

आबांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते अंगणात जाऊन बसले. मला प्रेमराजचा राग आला. खरं सांगायचं तर त्याचं बोलणं बरोबर होतं म्हणून जास्त आला. त्या वर्षीचा रोट आबांनी पुनवेपर्यंत संपवला, पण गिरधरबाबांची गोष्ट काही सांगितली नाही. वनादादांनी विषय काढून बघितला तरी नाही.

हिवाळ्यात त्यांचा फोन आला. "ज्योती, सोनगीरले जानं शे."

"कसाले?"

"देखानं शे, मांगे कोन राहेल व्हतं."

इतक्या वेळा ऐकलेली गोष्ट, पण हा प्रश्न माझ्या कधी मनात आला नव्हता. गिरधरबाबा धाकटे, हे गोष्टीत होतं. थोरल्या भावाने कानबाईचा नारळ द्यायला नकार दिला म्हणून त्यांनी वाटेत नवा घेतला, हेही होतं. पण त्या थोरल्याचं नाव काय, त्याला मुलंबाळं किती, धाकटा गाडी जुंपून गेल्यावर त्याचं काय झालं, ह्यातलं काहीच आमच्याकडे नव्हतं. गोष्ट गाडीबरोबर पुढे आली होती.

चोपड्याहून शिरपूर आणि शिरपूरहून सोनगीर अशा दोन बस बदलून आम्ही गेलो. महामार्गावर उतरलो तर समोर किल्ला. आबा त्याच्याकडे बघत उभे राहिले. ह्या वयात पहिल्यांदा मूळ गाव बघत होते, पण चेहरा काही सांगत नव्हता. मी रिक्षा करू म्हटलं तर नको म्हणाले. गावात चालतच विचारत गेलो. आडनाव सांगितलं, कुळ सांगितलं. तांब्याची भांडी ठोकणाऱ्या एका कारागिराने किल्ल्याखालच्या गल्लीकडे बोट दाखवलं.

तिथे एका घराच्या ओट्यावर भिकुबाई बसल्या होत्या. वय आबांपेक्षा बरंच पुढचं, कान शाबूत, डोळे गेलेले. आम्ही त्यांच्याच कुळातले, हे त्यांना पटवायला वेळ लागला. आबा मोहखेडी म्हणाले, चोपडा म्हणाले, अनेर म्हणाले. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. शेवटी आबा म्हणाले, "आमना बाबा जंगल तोडाले गया व्हता. इंग्रजना राजमा."

भिकुबाईंची मान हलायची थांबली.

"जंगलवाला?" त्या म्हणाल्या. "तुम्ही जंगलवाला शेतस?"

मग त्यांनी सांगितलं. त्या लग्न होऊन ह्या घरात आल्या तेव्हा रोटाचा गहू सासरे मोजायचे. घरातल्या सगळ्या पुरुषांच्या मुठी झाल्या की शेवटची एक मूठ काढायचे आणि म्हणायचे, ही जंगलवाल्यांची. कोण जंगलवाले, किती जण, जिवंत आहेत की नाहीत, कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्या बापाने काढली, आजाने काढली, म्हणून हेही काढायचे.

"येतीन म्हनेत," भिकुबाई म्हणाल्या. "रोट एक शे ते येतीन. आनि त्या मूठना रोट आम्ही बायाच खाऊत, पुनवलगून. त्यासना वाटाना ना."

"मंग?" आबांनी विचारलं.

"मंग सासरा वारनात. मना मालक म्हने, कोन जंगलवाला? वाघनी खादात व्हतीन. बंद करी टाकी मूठ."

"कवय?"

भिकुबाईंनी आठवलं. मोठा मुलगा रांगत होता, त्या वर्षी. मुलगा आतून बाहेर आला, त्याला वय विचारलं. आबांनी मनाशी हिशेब केला आणि ते ओट्याच्या खांबाला टेकून बसले. भिकुबाईंच्या सुनेने चहा दिला. तो तसाच गार झाला. मी काय झालं म्हणून विचारलं, तर हाताने थांब म्हणाले.

परतीच्या बसमध्ये शिरपूर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग एकदम बोलले.

"मूठ बंद करी तवय मी शाळामा व्हतू, ज्योती. तवलगून तठे मनी मूठ निघे. मी मोहखेडीमा हुंदडी राहिंथू, आनि तठे एक मानूस मना नावनी मूठ काढी राहिंथा. माले माहीत बी नव्हतं."

मला रडू आलं. आबांना नाही आलं. ते फक्त आपला उजवा तळहात उघडून बघत होते.

त्यानंतर त्यांनी प्रेमराजला स्वतः फोन केला, असं मला वनादादांकडून कळलं. रागावले नाहीत. नारळ दर वर्षी बदलू नको, नथ पितळेची चालते पण वाकडी नको, असं काहीबाही सांगितलं आणि पोरांची विचारपूस केली. सकाळची कुलुपं हलवायची फेरीही बंद झाली. मला वाटलं, चला, एक ओझं उतरलं. ह्या श्रावणात ते काय करणार, ह्याचा मात्र घोर होता. रोट मोजायचाच सोडून देतील, तर एवढ्या वर्षांचा टेकूच निघून जाईल त्यांचा. आणि नेहमीसारखा सगळ्यांचा मोजतील, तर डॉक्टर मला धरणार.

ह्या वर्षीही रविवारी आमची असोद्याची कानबाई बसली. दीर, पुतणे, नातवंडं, घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मी सकाळपासून मांडे करत होते. दुपारी पंगतीत बसले, सासूबाईंनी वाढलेला रोट खाल्ला. सोमवारी नदीवरून आल्या आल्या बस धरली.

चोपड्याला उतरून मोहखेडीच्या जीपमध्ये बसले, तर पुढच्या सीटवर आमच्या गावचा चक्कीवाला. रोटाचं दळण तोच चक्की धुऊन, वेगळं दळून देतो. मला बघून म्हणाला, "अक्का, ह्या वर्षी आबांनी दळण आणलं ते बघून मला काय बोलावं कळेना. एवढासा गहू. म्हटलं आबा, हा माझ्या दगडातच अडकून राहील, पीठ काय हातात येणार? तर तसेच परत घेऊन गेले."

मी घरी पोचले तर ओसरीत आईचं जातं मांडलेलं होतं. आबांनी त्यावर दळलं होतं. खुंटा धरून दंड भरून आलेला, तो चोळत बसले होते. चौरंग रिकामा होता. कानबाईला वनादादांनी सकाळी हलगी वाजवत नदीपर्यंत सोबत केली होती. देव त्यांचा नाही, पण वाजवायला काय हरकत आहे, असं ते म्हणतात.

मी नेहमीप्रमाणे पाय धुतले, डबा काढला.

"डबा ठेव," आबा म्हणाले.

चुलीपुढे दोन ताटं मांडलेली होती. दोन्हींत एकेक पोळी, जाडजूड, कडेने फाटलेली, पुरण बाहेर आलेलं. बाजूला गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी आणि आमटी. मला वाटलं, दुसरं ताट आईच्या नावाचं असेल.

"सुरतवालासना रोट सुरतमा, बाकीसना जठे त्या तठे," आबा म्हणाले. "मी दोनच मुठी काढ्यात औंदा. एक मनी. एक तुनी."

मी ताटाकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांत मी ज्यासाठी कुरकुरले, टोमणे मारले, ते समोर वाढलेलं होतं. माझ्या नावाने, सव्वा मूठ, आबांच्या हाताची, जात्यावर दळलेली. मी पाटावर बसले. हात धुतले. घास मोडायला हात पुढे केला आणि तो ताटापाशी थांबला.

मी असोद्याचा रोट खाऊन आले होते. त्यांच्या कुळाचा. एका तोंडात दोन कुळांचा रोट जात नाही. जायला लागला तर कुठल्यातरी घराचं वाईट होतं, असं सासूबाईंनी नव्या नवरीला सांगितलं होतं आणि मी तेव्हा मनात हसले होते. आता हसू येत नव्हतं. डोळ्यापुढे नातू दिसत होता. हे सगळं खोटं आहे असं मी स्वतःला बजावून बघितलं, तरी बोटं हलेनात. प्रेमराज गेला, नवल गेला म्हणून मी बोटं मोडत आले, पण सगळ्यांत आधी ह्या घरातून गेले होते मी.

"आबा," मी म्हटलं, "काल मी तठे खादा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना हे लक्षात आलं नव्हतं, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. जन्मभर रोटाचे नियम पाळलेल्या माणसाला ह्या वर्षी तेवढंच सुचलं नव्हतं.

"मी खाई लेस," मी म्हटलं. "काई व्हवाव नही."

"नको," ते घाईने म्हणाले. "खाजो नको, माय. तुना घरले दोष लागी."

मग त्यांनी विचारलं, "तठे पोटभर खादा ना तू? दीर, पुतन्या, नातवंडं, बठ्ठा व्हतात ना?"

"हां," मी म्हटलं. "बठ्ठा व्हतात."

"बरं व्हयनं."

त्यांनी माझं ताट आपल्याकडे ओढलं, माझी पोळी उचलून आपल्या पोळीवर ठेवली आणि मला डबा उघडायला सांगितला.